धंदा करायचाय पण धाडस होईना? सांगली-साताऱ्याकडच्या पोरापोरींसाठी

"आयडिया डोक्यात आहे ओ, पण धाडस होईना." हे वाक्य आपल्याकडं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं कळतं. कुणी कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट करतंय, कुणी स्पर्धा परीक्षेचे अटेम्प्ट देऊन पुण्याहून गावी परत आलंय, कुणाच्या घरची द्राक्षबाग आहे आणि बेदाणा स्वतःच्या नावानं पॅक करून विकायचाय, कुणाला घर सांभाळून चटण्या-मसाल्याचं काहीतरी सुरू करायचंय. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. मी स्वतः हळदीचं आणि मसाल्याचं छोटं पॅकिंग करतो त्यामुळं उदाहरणं तिकडचीच येणार, पण तुमचं पंक्चरचं दुकान असो नाहीतर मोबाईल ॲपचं काम असो, रीत फार वेगळी नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. धाडस आधी येत नसतं. किती पैसे गेले तर चालतील हे आकड्यात ठरलं आणि एका अनोळखी माणसानं तुमच्या मालाचे पैसे मोजून दिले की मग ते यायला लागतं, थोडं थोडं. आपण उलटं करतो, धाडस येईल मग सुरू करू म्हणून बसून राहतो, आणि मोबाईलवर भाषणं बघत राहतो. भाषण बघून अंगात येतं ते सकाळपर्यंत उतरतं.

मग सुरू कुठनं करायचं? वहीपासनं. एक साधी वही घ्या आणि भीती नेमकी कसली आहे ते लिहून काढा, कारण "धाडस होत नाही" म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं. एखाद्याला पैसे बुडायची भीती असते, एखाद्याला पाहुणे काय म्हणतील याची, आणि एखाद्याला खरंच ते काम येत नसतं. पण तिघंही एकच सांगतात, "भांडवल नाही". काम येत नसेल तर उपाय सगळ्यात सोपा आहे, त्या धंद्यातल्या माणसाकडं काही महिने कामाला लागा, पगार कमी मिळाला तरी चालेल. पाहुण्यांच्या भीतीवर माझ्याकडं औषध नाही, पण एवढं बघितलंय की पहिली दिवाळी धंद्यात बरी गेली की तेच पाहुणे "आमच्या पोराला पण काहीतरी सांगा की" म्हणत येतात. पैशाच्या भीतीवर मात्र खरंच बसून काम करता येतं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

समजा तुम्हाला हळद पावडर विकायचीय. सांगलीत राहून हळदीचा विचार मनात आला नाही असा माणूस सापडणं अवघड, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकनसुद्धा (माल त्या भागाचाच, अशी सरकारी ओळख) मिळालंय. आता बहुतेक जण काय करतात, थेट मशीनच्या किमती बघतात, पल्व्हरायझर (दळायचं मशीन), पाउच पॅकिंग मशीन, शेड, आणि आकडा पाच-सहा लाखांवर गेला की वही मिटते आणि भीती पक्की होते. तसं करू नका. दहा किलोचा हिशोब करा. समजा चांगलं हळकुंड किलोला १६० रुपयांनी मिळालं (भाव रोज हलतो, तुम्ही त्या दिवशीचा धरा) तर १६०० रुपये. दळून आणायचे किलोला १५ धरले तर १५० रुपये. दळताना, चाळताना अर्धा किलो घट धरा, हातात साडेनऊ किलो पावडर, म्हणजे पाव किलोची ३८ पाकिटं. पाउच आणि लेबल मिळून पाकिटामागं ६ रुपये, म्हणजे २२८. रिक्षा-पेट्रोलचे १००. बेरीज २०७८ रुपये. एका पाकिटाला जवळजवळ ५५ रुपये पडले. ८० रुपये छापील किंमत ठेवली आणि दुकानदाराला १५ टक्के सोडले तर तुमच्या हातात ६८, पाकिटामागं १३ रुपये राहिले, सगळी गेली तर पाचशेच्या आत-बाहेर. थेट घरोघरी विकली तर दुकानदाराचे १२ पण तुमचेच.

हे आकडे बघून कुणी म्हणेल की पाचशे रुपयांत काय होतंय. पण मला इथं नफा दाखवायचाच नाहीये. मला दाखवायचंय ते असं की एकही पाकीट गेलं नाही तर तुमचं जास्तीत जास्त २०७८ रुपयांचं नुकसान आहे, आणि त्यातली हळद घरात आणि नात्यात वर्षभर पुरेल. म्हणजे जे धाडस तुम्हाला पाच लाखांचं वाटत होतं ते दोन हजारांचं निघालं. एका लग्नात आहेर आणि येण्याजाण्याला याच्यापेक्षा जास्त जातात. कुठलाही धंदा घ्या, त्याचा असा "दहा किलोचा" भाग निघतोच. हॉटेल काढायचं असेल तर एका रविवारी वीस डब्यांची ऑर्डर घेऊन बघा. बुटीक काढायचं असेल तर दुकान नको, घरातलं मशीन आणि गल्लीतल्या ब्लाउजपासनं सुरुवात. शेळीपालनात पन्नास शेळ्यांची शेड बांधायच्या आधी चार शेळ्या एक उन्हाळा आणि एक पावसाळा जगवून दाखवा. शेळीपालनाचं हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शेडवरच सगळं कर्ज खर्च करून बसलेली पोरं आपल्या भागात कमी नाहीत.

आणि हो, खायची वस्तू असेल तर दहा किलोला पण कागद लागतो. एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिचं साधं रजिस्ट्रेशन तिच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतं, छोट्या धंद्याला फी अगदी किरकोळ आहे. पाकिटावर त्या रजिस्ट्रेशनचा चौदा आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तुमचं नाव-पत्ता, संपर्काचा नंबर आणि हिरवा ठिपका पाहिजे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार नंबरवर होतं आणि ते पूर्ण फुकट आहे, त्याचे कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. जीएसटीचं म्हणाल तर फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की सक्तीचं होतं, म्हणजे सुरुवातीला जीएसटीच्या भीतीनं अडून बसायचं काही कारण नाही, फक्त राज्याबाहेर माल पाठवायचा असेल किंवा मोठ्या ऑनलाइन साइटवर विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत, त्याच्या आधी एखाद्या टॅक्सवाल्याशी बोला.

आता प्रेरणेचं. मला मनापासनं वाटतं की आपल्या भागातल्या माणसाला अमेरिकेतल्या गॅरेजच्या गोष्टी सांगायची काही गरज नाही. एक रविवार काढा आणि किर्लोस्करवाडीला जाऊन या. पुण्याकडनं सांगलीला येणारी रेल्वे तिथं थांबते, स्टेशनच्या नावातच सगळं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासनं सुरुवात केली, पुढं लोखंडी नांगर बनवला. आणि नांगर विकला जाईना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिले नांगर जायला दोन वर्षं लागली. त्यात भर म्हणून बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना संस्थानातली जागा दिली, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ, निवडुंग आणि सापांनी भरलेला. १९१० मध्ये त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. या गोष्टीत लोक लक्ष्मणरावांचं धाडस बघतात, बघायलाच पाहिजे, पण मी ती दोन वर्षं बघतो. माल चांगला होता, तरी दोन वर्षं गिऱ्हाईक नाही. तुमचं पाकीट पहिल्या पंधरवड्यात गेलं नाही म्हणून माल वाईट आहे असं ठरवायच्या आधी ही दोन वर्षं आठवा. आणि दुसरं म्हणजे त्यांना योग्य वेळी जागा देणारा माणूस भेटला तो उगाच भेटला नाही, त्यांचं काम त्याच्यापर्यंत आधी पोचलेलं होतं.

तिथनं जवळच भिलवडी. भा. ग. चितळ्यांनी १९३९ मध्ये तिथं दुधाचा धंदा सुरू केला. कृष्णाकाठचं एक गाव, शहर नाही, तिथं दूध गोळा करून बाहेर पाठवायचं. आज चितळ्यांचं नाव पुण्याचं वाटतं लोकांना, पण पाळंमुळं आपल्याकडची आहेत.

विट्या-खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची गोष्ट तर मला सगळ्यात जवळची वाटते, आणि तिच्यावर कुणी पुरेसं बोलत नाही. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर गेली, केरळ, तामिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथं सराफ बाजार आहे तिथं आपला एखादा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतो. ही माणसं एकटी धाडस करून गेली नाहीत. गावातला एखादा आधी गेलेला असतो, पोरगं त्याच्याकडं कामाला जातं, तिथंच राहतं, तिथंच जेवतं, काम शिकतं, तिथली भाषा शिकतं, सराफांच्या ओळखी होतात, आणि मग काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान लावतं, बऱ्याचदा जुन्या मालकाच्याच शब्दावर. पुढं तेच आपल्या भाच्याला बोलावून घेतं. म्हणजे धाडस हे उसनं घेता येतं. तुमच्या ओळखीत जो कुणी धंद्यात तुमच्या दोन पायऱ्या पुढं असेल, फार मोठा नको, दोनच पायऱ्या, त्याच्याकडं जाऊन बसा. शंभर कोटीवाल्याला तुमचा प्रश्न आता आठवत पण नसतो. दोन पायऱ्या पुढच्याला सगळं आठवतं, कुठला पाउचवाला उधारी देतो, कुठला दुकानदार पैसे बुडवतो, कुणाच्या गिरणीत मिरची दळल्यावर हळद दळायची नाही.

बायकांसाठी म्हसवडचं उदाहरण द्यायलाच पाहिजे, खरं तर सगळ्यांसाठीच. माण तालुका म्हणजे साताऱ्याचा कायम दुष्काळी भाग. चेतना सिन्हा तिथं लग्न करून आल्या. फूटपाथवर वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका बाईला रोजची थोडी बचत करायची होती आणि बँक खातं उघडून देईना, तिथनं बायकांची स्वतःची बँक काढायचं निघालं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर, अंगठा लावणाऱ्या. या बायकांनी रात्रीचे वर्ग लावून लिहायला-वाचायला शिकून घेतलं आणि परत गेल्या, आणि साहेबांना सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मला या गोष्टीत काय आवडतं माहितीय का, त्यांनी "आम्हाला वाचता येत नाही" याच्यावर वाद घातला नाही, ते शिकून घेतलं, आणि जे त्यांना आधीपासनं येत होतं, हिशोब, ते ठणकावून सांगितलं. तुम्हाला पण काहीतरी आधीपासनं येतंय. वहीच्या दुसऱ्या पानावर ते लिहा.

आता विकायचं. खरं धाडस इथं लागतं, बाकी सगळं वहीवरचं आहे. पहिली पाच-दहा पाकिटं मावशी, आत्या, मित्र घेतील, त्यांचे पैसे घ्या पण ती विक्री धरू नका, ती माया आहे. अनोळखी माणसानं घेतलं तर ती विक्री. दुकानात गेल्यावर काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तयारीनं जाल. दुकानदार गिऱ्हाईक करत करत तुमचं पाकीट हातात घेतो, उलटं करतो, मागची तारीख बघतो, सीलवर नख फिरवून बघतो, वास घेतो, आणि तुमच्याकडं न बघता विचारतो, "कसं?" तुम्ही म्हणता अडुसष्ट. तो काहीच बोलत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला साखर मोजून देतो. आणि या गप्प बसण्यात नवीन पोरगं फुटतं, कुणी काही विचारलेलं नसताना स्वतःच म्हणतं, "साठला पण देईन की." झालं, तुमचे आठ रुपये गेले आणि दुकानदाराला कळलं की हा माणूस अजून खाली येतो. तिथं गप्प राहायची प्रॅक्टिस करा. अडुसष्ट सांगा आणि थांबा. तो नाही म्हणाला तर हसून पाकीट उचला, "सॅम्पल ठेवून जातो काका, घरी वापरून बघा, पुढच्या आठवड्यात येतो" म्हणा, आणि पुढच्या आठवड्यात खरंच जा. बहुतेक जण दुसऱ्यांदा जातच नाहीत, म्हणून जो जातो त्याचा माल लागतो.

उधारीवर पण लगेच बोलायचं, पहिल्याच दिवशी. "पहिल्या खेपेला रोख, नंतर मागचं बिल दिलं की पुढचा माल." हे सांगायला लाज वाटते, मान्य, पण छोटा धंदा माल न खपल्यामुळं जितका बंद पडतो तितकाच खपलेल्या मालाचे पैसे न आल्यामुळं बंद पडतो. आणि धंद्याचे पैसे घरच्या पैशात मिसळू नका, वेगळं खातं, वेगळा यूपीआय कोड, भले महिन्याला तीनच हजार येत असतील.

घरच्यांशी बोलायचं कसं हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. वडिलांना "मी बिझनेस करणार" असं जेवताना जाहीर केलं की भांडण होणारच, त्यांनी आयुष्यभर पिकाचा भाव पडताना बघितलेला असतो, एका पावसात बाग जाताना बघितलेली असते, २०१९ च्या पुरात तर कित्येकांनी दुकानात छातीभर पाणी बघितलंय. त्यांची भीती खोटी नाहीये. त्यांना स्वप्न सांगू नका, वही दाखवा. "अण्णा, दोन हजार घालतोय, नोकरी सोडत नाही, सहा महिन्यांनी काय झालं ते तुम्हाला दाखवतो." एवढ्याला कुठलाच बाप नाही म्हणत नाही, आणि म्हणाला तरी दोन हजारासाठी परवानगी लागत नाही. नोकरी कधी सोडायची तर माझं मत असं की धंद्यातनं सलग काही महिने पगाराच्या निम्मे तरी पैसे सुटले पाहिजेत आणि घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पाहिजेत, त्याच्या आधी नाही. "नोकरी सोडल्याशिवाय झोकून देता येत नाही" असं सांगणारे लोक तुमचा हप्ता भरायला येणार नाहीत. आई-वहिनीला मात्र पहिल्या दिवसापासनं सोबत घ्या, चव, घाट, पॅकिंग याच्यावर त्यांच्याइतकं खरं मत कुणी देत नाही.

कर्ज आणि योजना मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण आपल्याकडं लोक धंद्याची सुरुवातच "कुठली सबसिडी आहे" इथनं करतात. आधी गिऱ्हाईक, मग कर्ज. चार-सहा महिने विक्रीची वही आणि बँक स्टेटमेंट हातात असेल तर मॅनेजरसमोर बसायची ताकद वेगळीच असते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. त्याच्या पुढं जायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींची माहिती घ्या. केंद्राच्या योजनेत ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय वगैरे गटांना ३५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात रोख मिळत नाही, बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि युनिट चालू आहे असं दिसल्यावर कर्जात वळतं करतात. म्हणजे सबसिडीच्या पैशावर धंदा उभा करायचा प्लॅन कागदावरच राहतो. मराठा समाजातल्या पोरांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना बघावी, तिथं पण हप्ता आधी वेळेवर भरावा लागतो, मग व्याज परत येतं. बचत गटातल्या बायकांनी उमेदच्या (बचत गटांसाठीचं राज्य सरकारचं अभियान) तालुक्याच्या ऑफिसला विचारा. आणि जिल्ह्याच्या लीड बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक) ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत फुकट ट्रेनिंग असतं, राहण्या-जेवणासकट, तिथं शिकायला तर मिळतंच पण तुमच्यासारखीच घाबरलेली वीस-तीस पोरं-पोरी एका खोलीत भेटतात, त्याचा उपयोग जास्त होतो असं माझं निरीक्षण आहे.

हंगाम तेवढा बघून घ्या. नवीन हळदीचे सौदे जानेवारीपासनं रंगतात आणि उन्हाळ्यापर्यंत आवक चांगली असते, तेव्हा वर्षभराचं हळकुंड घ्यायचा विचार करा, पण पहिल्या वर्षी साठा करू नका. तासगावकडचा नवीन बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये येतो. महाबळेश्वर-वाईकडं स्ट्रॉबेरीचं काहीतरी करायचं असेल तर डिसेंबर ते मार्च हेच दिवस. चटणी-मसाल्यावाल्यांना उन्हाळ्यात मिरची घेऊन ठेवावी लागते. दिवाळीला सगळेच उतरतात, त्यामुळं नवीन माणसाला मला संक्रांत बरी वाटते, हळदी-कुंकवाला वाण म्हणून छोटी पन्नास-शंभर ग्रॅमची पाकिटं बायका हौसेनं घेतात आणि एकेका घरातनं पंचवीस-तीस पाकिटांची ऑर्डर निघते. त्याच्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कॉलनीत आणि बचत गटात सॅम्पल फिरवा, किती लागतील ते नावासकट वहीत लिहून घ्या, निम्मे पैसे आधी घ्या, आणि तेवढीच हळद दळून आणा.